दीडशे जणांची सोडत

नागरिक परिषद ही सांगायला सोपी गोष्ट आहे. देशातल्या सामान्य माणसांतून सोडतीने शंभर-दीडशे जण निवडायचे, एखाद्या अवघड प्रश्नाची सर्व बाजूंनी माहिती त्यांच्यापुढे मांडायची, आपापसांत बोलायला भरपूर वेळ द्यायचा आणि शेवटी त्यांच्याकडून शिफारशी लिहून घ्यायच्या. यात निवडणूक नाही, प्रचार नाही, पक्षाचा झेंडा नाही. हवामान बदलाच्या धोरणासाठी युरोपातल्या बऱ्याच देशांनी गेल्या काही वर्षांत हा मार्ग धरला. त्यांतला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त ठरलेला प्रयोग फ्रान्सचा. २०१९-२० मध्ये तिथल्या दीडशे नागरिकांनी जवळजवळ नऊ महिने खपून सरकारच्या हाती १४९ प्रस्ताव ठेवले. ते प्रस्ताव कसे तयार झाले ही हकिकत वाचण्यासारखी आहेच. त्यांचे पुढे काय झाले, ही त्याहून जास्त.

सोडत हा शब्द मराठी माणसाला म्हाडाच्या घरांमुळे आणि प्रभागांच्या आरक्षणामुळे चांगलाच ओळखीचा. आरक्षणाची चिठ्ठी काढायला शाळकरी मुलाला पुढे बोलावतात, कारण त्याला कोणाची बाजू घ्यायची नसते. ही युक्ती आजची नव्हे. तमिळनाडूत उत्तरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातला, इ. स. ९२०च्या सुमाराचा शिलालेख आहे. गावसभेच्या समित्यांसाठी ताडपत्रांवर नावे लिहून ती मडक्यात टाकावीत आणि लहान मुलाकडून काढून घ्यावीत, अशी रीत त्यात कोरून ठेवली आहे. प्राचीन अथेन्समध्येही पाचशे जणांचे मंडळ सोडतीनेच बसे. आजच्या नागरिक परिषदांनी त्यात एका चाळणीची भर घातली. नुसत्या चिठ्ठ्या काढल्या तर योगायोगाने सगळे शहरी, शिकलेले पुरुषही निघू शकतात. म्हणून वय, शिक्षण, व्यवसाय, प्रदेश यांचे देशातले प्रमाण निवडलेल्या गटातही येईल अशा बेताने नावे घेतली जातात. देशाचे छोटे चित्र एका सभागृहात बसवायचे, अशी ही कल्पना.

फ्रान्सला या वाटेने जावे लागले त्याचे कारण डिझेल. तिथे २०१४ पासून इंधनावर कार्बन कर आहे. सुरुवातीला टनामागे ७ युरो असलेला हा कर २०१८ पर्यंत ४४ युरो ६० सेंटवर पोचला होता आणि १ जानेवारी २०१९ पासून तो आणखी वाढणार होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या करासारखा निर्दोष उपाय नाही: जे प्रदूषण करते ते महाग करा, म्हणजे लोक ते कमी करतील. पण ज्या गावात बस येत नाही, रेल्वे स्थानक बंद पडले आहे आणि कारखाना चाळीस किलोमीटरवर आहे, तिथला माणूस गाडी कमी चालवणार म्हणजे काय करणार? त्यातच सरकारने श्रीमंतांच्या एकूण मालमत्तेवरचा जुना कर नुकताच काढून टाकला होता आणि विमानाच्या इंधनाला कार्बन कर लागूच नव्हता. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी लोक रस्त्यावर उतरले. फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत एक पिवळे जाकीट ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तेच अंगात चढवून त्यांनी गावोगावचे चौक अडवले. आठवड्यामागून आठवडे ‘पिवळी जाकिटे’ हटेनात, तेव्हा डिसेंबरात सरकारने करवाढ मागे घेतली. कर तेव्हा जिथे होता तिथेच गोठला.

या आंदोलनाचा अर्थ लोकांना पर्यावरणाची पर्वा नाही असा लावणे सोपे होते आणि तो पुष्कळांनी लावलाही. पण आंदोलकांची तक्रार मुख्यतः दोन गोष्टींची होती. ओझे कोणाच्या खांद्यावर टाकता, ही एक. आणि टाकण्याआधी विचारले का नाही, ही दुसरी. राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी २०१९ च्या सुरुवातीला देशभर चर्चासभा भरवल्या. त्याच वेळी काही कार्यकर्ते आणि ‘पिवळ्या जाकिटां’तले काही जण यांनी सोडतीने निवडलेल्या नागरिक परिषदेची मागणी लावून धरली. एप्रिल २०१९ मध्ये मॅक्रॉन यांनी ती मान्य केली.

त्यांच्यासमोर आयर्लंडचे उदाहरण होते. तिथे २०१६ मध्ये ९९ नागरिक आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लफॉय यांची परिषद बसली होती. गर्भपाताच्या प्रश्नावर तिने जे सांगितले त्यातून पुढे २०१८ चे सार्वमत झाले, म्हणून जगात तिचे नाव झाले. हवामान बदल हा तिच्या यादीतला आणखी एक विषय. त्यासाठी २०१७ च्या शरद ऋतूत अवघे दोन शनिवार-रविवार मिळाले. एवढ्या वेळात परिषदेने १३ शिफारशी मंजूर केल्या. कार्बन जास्त सोडणाऱ्या गोष्टींवर जादा कर भरायला आम्ही तयार आहोत, असे ८० टक्के सदस्यांनी मत देऊन सांगितले. शेतीतून होणाऱ्या उत्सर्जनावर कर लावावा, याला तर ८९ टक्के मते पडली. आयर्लंडच्या उत्सर्जनातला सुमारे तिसरा हिस्सा शेतीचा, त्यातही गाईगुरांचा. तिथे असा कर सुचवणे म्हणजे आपल्याकडे उसाला पाण्याचे मीटर बसवा म्हणण्यासारखे आहे. मतांवर निवडून येणारा पुढारी ते सहसा करत नाही.

फ्रान्सने प्रयोगाचा आकार बराच मोठा केला. संगणकाने अडीच लाखांवर फोन क्रमांक काढले आणि एका पाहणी संस्थेने ते फिरवायला सुरुवात केली. फोन उचलणाऱ्याला आधी ही फसवणूक नाही हे पटवावे लागे. लिंग, वय, शिक्षण, व्यवसाय, प्रदेश आणि राहण्याचे ठिकाण शहरी की ग्रामीण, अशा सहा चाळण्यांतून शेवटी दीडशे जण ठरले. किमान वय १६ ठेवले होते, त्यामुळे शाळेत जाणारी मुलेही आली आणि निवृत्तीवेतनावर जगणारी आजी-आजोबाही. युरोपाबाहेरच्या फ्रेंच प्रदेशांतले लोकही होते. प्रवास, राहणे, मुलांना सांभाळण्याचा खर्च सरकारने दिला आणि दिवसाला सुमारे ८६ युरो भत्ता, म्हणजे न्यायालयात ज्युरी म्हणून बसणाऱ्याला मिळतो तेवढाच. हा तपशील किरकोळ वाटतो, पण भत्ता नसला की रोजंदारीवरचा माणूस गळतो आणि सभेत फक्त सवड असलेले उरतात. सगळा खर्च ५० लाख युरोंच्या वर गेला.

परिषदेला घालून दिलेला प्रश्न नेमका होता: १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत फ्रान्सचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन निदान ४० टक्क्यांनी कसे घटवायचे, तेही सामाजिक न्याय सांभाळून? शेवटचे शब्द उगाच घातलेले नव्हते. ते ‘पिवळ्या जाकिटां’चे देणे होते. पॅरिसमधल्या इएना प्रासादात, आर्थिक-सामाजिक-पर्यावरण मंडळाच्या अर्धगोल सभागृहात, ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात पहिली बैठक भरली. शुक्रवार ते रविवार, अशा सात बैठका जून २०२० पर्यंत झाल्या. मध्येच निवृत्तीवेतनाच्या प्रश्नावर देशात संप झाला, मग करोना आला आणि वेळापत्रक लांबत गेले.

पहिल्याच बैठकीत हवामानशास्त्रज्ञ व्हालेरी मासों-देल्मोत यांनी तापमानवाढीचे विज्ञान सदस्यांपुढे मांडले. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय समितीच्या एका गटाचे सहअध्यक्षपद तेव्हा त्यांच्याकडे होते. तिथवर हा विषय बातम्यांत ऐकून सोडून दिलेल्या कित्येकांनी नंतर मुलाखतींत सांगितले, की ते ऐकणे थोबाडीत बसल्यासारखे होते. त्यानंतर तीस-तीस जणांचे पाच गट पडले: निवास, प्रवास, अन्न, उपभोग, आणि उत्पादन व काम. गटही सोडतीनेच. ज्याला गाड्यांत रस आहे तो अन्नाच्या गटात जाऊ शकत होता आणि ते बरेच होते, कारण आधीपासून ठाम मत बाळगणारे एका टेबलाशी जमले नाहीत. उद्योगांचे प्रतिनिधी, कामगार संघटना, पर्यावरण संस्था, अर्थतज्ज्ञ एकेक करून येत, सांगत आणि प्रश्नांना उत्तरे देत. कोणी आकडा फेकला तर तो पडताळून द्यायला वेगळी माणसे होती.

खरे कसब मसुदा लिहिताना लागले. सभेत ‘जड गाड्या महाग करा’ म्हणणे सोपे असते. पण जड म्हणजे किती किलोंपासून, मोठ्या कुटुंबाचे काय, कर खरेदीच्या वेळी घ्यायचा की दरवर्षी, अशा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. त्यासाठी विधिज्ञांची एक समिती परिषदेला दिली होती. नागरिक हेतू सांगत आणि विधिज्ञ तो कायद्याच्या भाषेत उतरवत. गाड्यांच्या बाबतीत रेघ १,४०० किलोंवर ओढली गेली. हा १,४०० चा आकडा पुढे परत भेटणार आहे.

जून २०२० मधल्या शेवटच्या बैठकीत मतदान झाले. चार तासांच्या आत दुसऱ्या मार्गाने जाता येत असेल तिथली देशांतर्गत विमाने २०२५ पर्यंत बंद करा. २०४० पर्यंत सर्व घरांची अशी दुरुस्ती सक्तीची करा की हिवाळ्यात आतली ऊब बाहेर जाणार नाही. महामार्गावरची वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटरवरून ११० वर आणा. पर्यावरणाचा संहार हा दंडनीय अपराध ठरवा. पर्यावरणरक्षणाची हमी संविधानात लिहा. असे १४९ प्रस्ताव मंजूर झाले. कामाचा आठवडा २८ तासांचा करण्याची सूचना मात्र सदस्यांनी फेटाळली. समोर आले ते उचलून धरले, असा आरोप करणाऱ्यांना हे सोयीचे नाही. कार्बन करवाढीचा प्रस्ताव यादीत कुठेच नव्हता. चौकांतली पिवळी जाकिटे सगळ्यांना आठवत होती.

आता त्या आश्वासनाबद्दल, ज्याने या प्रयोगाला उंच नेले आणि खालीही आणले. परिषदेचे प्रस्ताव ‘गाळणी न लावता’ संसदेपुढे, सार्वमताला किंवा थेट आदेशाने अंमलात आणण्यासाठी पाठवले जातील, असे मॅक्रॉन यांनी सुरुवातीलाच सांगितले होते. २९ जून २०२० रोजी आपल्या निवासस्थानाच्या, एलिझे प्रासादाच्या बागेत त्यांनी सदस्यांना बोलावले आणि १४९ पैकी १४६ प्रस्ताव स्वीकारत असल्याचे जाहीर केले. तीन बाजूला ठेवले: वेगमर्यादा, मोठ्या लाभांशांवरचा चार टक्के कर आणि संविधानाच्या प्रास्ताविकेतला बदल. त्या दुपारपुरता हा मोठा विजय वाटला.

गाळणी नंतर लागली, आणि ती एका जागी नव्हती. काही प्रस्ताव मंत्रालयांत अडकले, काही उद्योगांच्या दबावाखाली पातळ झाले, उरलेल्यांना संसदेत कात्री लागली. ज्या मार्गांवर रेल्वेने अडीच तासांत पोचता येते तेवढ्याच विमानांवर बंदी आली. पॅरिसहून मार्सेयला वेगवान रेल्वेने तीन तासांहून थोडे अधिक लागतात, म्हणजे नागरिकांच्या चार तासांच्या रेघेत ते विमान सापडले असते. अडीच तासांच्या रेघेतून सुटले. २०२३ मध्ये नियम लागू झाला तेव्हा त्यात मार्ग सापडले तीन: पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नाँत, लिआँ आणि बोर्दोला जाणारे. एअर फ्रान्सने ती उड्डाणे करोनाकाळात मदतीच्या अटीखाली आधीच बंद केली होती. गाडीच्या वजनाची रेघ १,४०० वरून १,८०० किलोंवर गेली. १,७०० किलोंची दांडगी गाडी नागरिकांच्या हिशेबात दंडाला पात्र होती, सरकारच्या हिशेबात नव्हती. पर्यावरणसंहाराचा अपराध कायद्यात आला, पण फ्रेंच दंडविधानातल्या खालच्या पायरीवर. संविधानाच्या पहिल्या कलमातला बदल कनिष्ठ सभागृहाने मंजूर केला, सिनेटने शब्द बदलले, आणि २०२१ च्या जुलैत तो सोडून देण्यात आला. डिसेंबर २०२० मध्ये मॅक्रॉन यांनीच एका मुलाखतीत वैतागून म्हटले होते, की दीडशे जणांनी लिहिले म्हणून ते काही बायबल किंवा कुराण होत नाही.

तरीही हाती काहीच आले नाही, असे म्हणता येणार नाही. २२ ऑगस्ट २०२१ च्या ‘हवामान आणि तगधरू क्षमता’ कायद्याने ऊब न धरणारी, सर्वांत खालच्या श्रेणीतली घरे २०२५ पासून भाड्याने देणे बंद झाले. वरच्या श्रेणींसाठी २०२८ आणि २०३४ या मुदती ठरल्या. शाळांच्या भोजनगृहांत आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण कायम झाले. कॅफेबाहेर उघड्यावर हीटर लावण्यावर बंदी आली. परिषद बसली नसती तर यातले बरेचसे इतक्या लवकर झाले नसते. पण ४० टक्क्यांचे ध्येय गाठायला ते पुरेसे नाही, हे सदस्यांना स्पष्ट दिसत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते पुन्हा जमले आणि सरकारला गुण दिले. प्रस्तावांची दखल कितपत घेतली, याला दहापैकी सरासरी ३.३. त्याच दिवशी दुसरा प्रश्न होता: अशा परिषदांमुळे लोकशाही सुधारेल का? त्याला ७.७. नऊ महिने राबून निराश झालेली माणसे त्या पद्धतीवर मात्र नाराज नव्हती.

आयर्लंडमध्ये आश्वासन मुळातच छोटे होते. परिषदेच्या प्रत्येक शिफारशीला सरकार संसदेत उत्तर देईल, एवढेच. हो म्हणू, असे कोणी म्हटले नव्हते. शिफारशी आल्यावर संसदेने सर्वपक्षीय समिती नेमली, तिने त्या महिनोन्‌महिने चाळल्या, मे २०१९ मध्ये संसदेने हवामान आणीबाणी जाहीर केली आणि पुढच्या महिन्यात सरकारचा कृती आराखडा आला. २०२० मध्ये कार्बन कराचा पुढचा रस्ता कायद्यातच आखला गेला: दरवर्षी साडेसात युरोंची वाढ आणि २०३० मध्ये टनामागे १०० युरो. फ्रान्समध्ये ज्या कराने देश पेटला तोच कर आयर्लंडमध्ये वर्षावर्षाने चढतो आहे. शेतीवरचा कर मात्र तिथेही आला नाही. ८९ टक्के मते त्या एका शिफारशीला उपयोगी पडली नाहीत. ब्रिटनच्या १०८ जणांच्या परिषदेची गोष्ट आणखी निराळी. ती २०२० मध्ये संसदेच्या सहा समित्यांनी बसवली होती, सरकारने नव्हे. त्यामुळे अहवाल चांगला झाला, पण तो अंमलात आणण्याचे ओझे सरकारने डोक्यावर घेतले नाही.

या पद्धतीवरचे आक्षेप खोटे नाहीत. दीडशे जणांना कोणी निवडून दिलेले नसते, म्हणून चुकल्यास त्यांना घरी बसवता येत नाही. निवडून आलेले फ्रेंच खासदार हे वारंवार म्हणाले. सोडत निष्पक्ष असली तरी फोनवर ‘येतो’ म्हणणारा आणि ‘मला वेळ नाही’ म्हणून ठेवून देणारा, यांत विषयाची ओढ असलेला पहिलाच असण्याचा संभव जास्त. माहिती द्यायला कोणते तज्ज्ञ बोलवायचे हे आयोजक ठरवतात आणि तिथूनच कल ठरू शकतो. सर्वांत अवघड अडचण वेगळीच आहे. सभागृहातले दीडशे जण नऊ महिन्यांत बदलतात, शिकतात, एकमेकांचे ऐकून मते मऊ करतात. बाहेरचे कोट्यवधी लोक आहेत तिथेच असतात. त्यांना शेवटी फक्त यादी दिसते: वेग कमी, विमान बंद, गाडी महाग.

भारतात हवामान धोरणासाठी सोडतीची परिषद बसलेली नाही. जगभरातून सोडतीने निवडलेल्या शंभर जणांची जागतिक सभा २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ग्लासगो हवामान परिषदेआधी भरली, तीत लोकसंख्येच्या प्रमाणात भारतीय होते, तेवढेच. आपल्याकडे नागरिकांचा सहभाग म्हणजे ‘हरकती व सूचना’. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला, त्याआधीही सूचना मागवल्या होत्या. प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय जनसुनावणी होते: तीस दिवसांची सूचना, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, मांडव, ध्वनिक्षेपक आणि पोलीस बंदोबस्त. तिथे येतात ते जमीन जाणारे आणि कंत्राट मिळणारे. मधला, ज्याचे थेट काही जात नाही पण ज्याची हवा आणि पाणी तेच आहे, तो येत नाही, कारण त्याला कोणी बोलावलेले नसते. सोडतीची पद्धत नेमकी त्याला गाठते.

ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार सदस्य असतो. युरोपाला जे सोडतीने मिळवावे लागले ते हक्क म्हणून इथे आहे. पण महाराष्ट्रात शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, जी संख्या कमी असेल तेवढीही, पुष्कळदा जमत नाही; सभा कोरमअभावी तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे टाळले ते आधी अभ्यास गट चालवून. अभ्यास गटात निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचे, तज्ज्ञाला विचारायचे. निर्णय नंतर ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे गाव. इएना प्रासादातल्या पहिल्या चार-पाच बैठका आणि मेंढ्याचा अभ्यास गट यांचे काम एकच होते.

फ्रान्सने पुढे दुसरी परिषद बसवली ती २०२२ च्या डिसेंबरात, आयुष्याच्या अखेरीच्या वैद्यकीय निर्णयांवर. सोडतीत १८४ जण निघाले. हवामानाचे १४९ प्रस्ताव २०२० मध्ये मंत्री म्हणून ज्यांनी सदस्यांकडून हाती घेतले होते त्या एलिझाबेथ बोर्न तेव्हा पंतप्रधान होत्या, आणि ही परिषद त्यांनीच बोलावली होती. ‘गाळणी न लावता’ हे शब्द या वेळी कोणी उच्चारले नाहीत.